एका ताटावरचे दोन साहेब

पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी, टेकडीवरून वाहून आलेल्या ओंडक्यांखाली मत जुसोहची बायको रुकैया मेलेली सापडली.

तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मत जुसोहने केंद्राच्या आणि राज्याच्या अशा दोन साहेबांना मुद्दाम एकाच ताटावर बसवलं. ताटावरचे सगळे जेवल्याखेरीज कुणी उठत नाही, अशी गावची रीत.

"साहेब, जंगल राखू असा शब्द तुम्ही जगाला दिलात," तो केंद्राच्या साहेबाला म्हणाला. "मग आमच्या टेकडीवरची तोड थांबवा. खाली माझी लेक राहते."

"मत काका, शब्द आमचा, पण जमीन राज्याची. आम्ही फक्त विनंती करणार."

राज्याचा वनसाहेब माशाचे काटे काढत हसला. "नुसत्या विनंतीवर राज्य चालतं होय? लाकडाचं उत्पन्न बुडतंय, त्याची भरपाई पाठवा."

"आधी तोड थांबवा, मग भरपाई."

"आधी भरपाई!"

"आणि आधी मी मरू का?" भात वाढणारी त्याची लेक सलमी म्हणाली.

"पोरी, तू तरी घर हलव," मत जुसोह म्हणाला.

"कुठं, बाबा? दुसरी जागाही ह्यांच्याच राज्याकडे मागायची ना?"

दुआ झाली, साहेब आपापल्या गाडीत बसून गेले. तोडीचा परवाना अजून रद्द झालेला नाही.