हाळी

"नेमसिंग, हाळी दे की! लोखंड काय आपल्या पायानं वर चढतंय?" मुकादम उकंडराव काठावरून ओरडला.

नेमसिंगने तोंड उघडले, पण आवाज फुटला नाही. कयाधू नदीवरच्या रेल्वेपुलाची जड तुळई दोर बांधून खाली पडून होती आणि दोर धरलेले खलाशी त्याच्याकडे पाहत होते. हाळी नसली की कोणी आधी ओढतो, कोणी मागून. दोर सटकतो आणि बोटे जातात.

हिंगोलीत साहेबाचा तंबू ठोकणारा खलाशी, मोजणीत साखळी ओढणारा खलाशी आणि रेल्वेचे हे ओझेवालेही खलाशीच. समुद्र यांतल्या एकानेही पाहिलेला नव्हता. नेमसिंगला हाळी शिकवणारा म्हातारा मात्र खराखुरा जहाजावरचा. तो सांगे, दोर ओढणारे जिथे गेले तिथे 'खलाशी' हा शब्द त्यांच्यामागे गेला. बाजारातले मौलवी म्हणत, शब्द अरबांचा, अर्थ 'सुटलेला'. "आमी कशातून सुटलो? भाकरीतून का?" असे म्हणून नेमसिंग हसे. पण त्याच्या बंजारा तांड्यावर कोणी 'खलाशी' म्हणून हाक मारली की गडी दिवसभर खूश असे.

पावसाळ्यापासून त्याचा घसा बसला होता. हकिमाचे काढे झाले, जोडीदारांनी आपले आवाज चढवून त्याला सांभाळून घेतले. आज मात्र गुपित उघडे पडले.

"आवाज न्हाई तर काम बी न्हाई," उकंडराव म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होते. "काहून मला पापात टाकून राहिला? उद्या कुणाचा हात चेंगरला मंजे?"

नेमसिंगने मान खाली घातली. भाकरी घेऊन आलेली त्याची बायको जमनाबाई बाभळीखाली उभी होती. टोपली ठेवून ती पुढे आली.

"मी देते हाळी."

"बाई, हे तांड्यावरलं गाणं न्हाई!" उकंडराव म्हणाला.

"ठावं हाय. ह्याच हाळीवर चार लेकरं निजवली मी."

कोणी हसायच्या आत तिने सूर लावला.

"आली रं लाट..."

"हैसा!"

"वढा रं दोर..."

"हैसा!"

दोर ताणले. तुळई कुरकुरली आणि जमीन सोडून वर निघाली.

नेमसिंगला आधी लाज वाटली, मग इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. आजवर हाळी देताना त्याने दोराला कधी हात लावला नव्हता.

"उभा काय राहिला? धर की दोर," उकंडराव हळूच म्हणाला.

शेवटच्या गड्याने सरकून जागा दिली. नेमसिंगने दोर धरला. जमनाबाईच्या प्रत्येक हाळीला तो सगळ्यांबरोबर ओढत होता, आणि 'हैसा' म्हणताना त्याचे नुसते ओठ हलत होते.