खुशालरावांचं कुंपण

मित्रांनो, मी एक जुना अडुळसा आहे. जुना, आणि चवीला कडू! शेळीसुद्धा मला तोंड लावून थू करते. याचा मला राग नाही, उलट गर्वच आहे. का, ते ऐका.

माझा जन्म मेळघाटातला, मोठ्या झाडांच्या सावलीतला. उन्हाळ्यात वरचे सागवान उघडेबोडके होत, खाली मी मात्र बारमाही हिरवागार. हिवाळा सरता सरता मला पांढरी फुलं येत आणि मधमाश्यांची झुंबड उडे. पायथ्याच्या गावची मैनाबाई लग्न होऊन दर्यापूरकडे निघाली, तेव्हा तिच्या आईने माझी एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून बैलगाडीत ठेवली. पोरीला खोकला झाला तर तिथं कोण पाहणार, एवढंच म्हणाली. मैनाबाईने मला सासरच्या विहिरीजवळ, निंबाखाली लावलं. काळ्या मातीत मी असा फोफावलो की विचारू नका!

मग कापसाचे दिवस आले. सातासमुद्रापार कुठेशी लढाई पेटली, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि साऱ्या जगाला आमचं वऱ्हाड आठवलं. गावाला तर कापसाचं वेडच लागलं. कुणी गोठ्यामागे मातीत सरकी टोबली, कुणी उकिरड्याच्या कडेला. मैनाबाईचे यजमान खुशालराव या वेड्यांचे राजे.

घरात कापसातली सरकी काढायची चरखी घरघरत असे. ते काम मैनाबाईच्या धाकट्या जावेचं, सुभद्रेचं. सुभद्रेचा गळा मोठा गोड. ती जात्यावर बसली की शेजारणी हातातलं काम सोडून ऐकत. पण कापसाचा तूस तिच्या घशात बसला. खोकून खोकून बिचारीचा आवाज गेला. मैनाबाई माझी पानं गुळासोबत उकळून तिला पाजायची, तेव्हा कुठे तिला झोप लागायची.

नेमकी तेव्हाच मैनाबाई भावजयीच्या बाळंतपणाला माहेरी गेली. मृग बरसला होता. खुशालरावांनी माझा पसारा पाहिला आणि ठरवलं, इथं कापसाची आणखी एक ओळ बसते. झालं! कुऱ्हाड चालली, कुदळ चालली. माझं मूळ उन्हात जाऊन पडलं. मला वाटलं, संपला अडुळसा.

पण खुशालराव काडी वाया जाऊ देणारे नव्हेत. शेजारच्या नत्थुजीच्या शेळ्या त्यांच्या कोवळ्या कापसावर टपलेल्या होत्या. म्हणून त्यांनी माझ्या फांद्यांचे खुंट केले, शेताच्या बांधाने ओल्या मातीत ओळीने खोवले, आणि मिशीवर ताव दिला.

मैनाबाई परतली, तर निंबाखाली उघडी जमीन. ती रडली नाही. सरळ नवऱ्यासमोर उभी राहिली.

"सुभद्राचा जीव होता थ्या झाडात. काहून तोडलं तुमी?"

बायकांच्या काढ्याकडे खुशालरावांनी कधी लक्षच दिलं नव्हतं. दिवाळीनंतर नवा कापूस येणार, चरखी पुन्हा फिरणार, आणि सुभद्रेला औषध नाही. त्या दिवशी घरात कुणाला घास गेला नाही.

मी मात्र बांधावर गुपचूप उद्योगाला लागलो होतो. अहो, मी काय मेलेलं लाकूड आहे? खुंटाखुंटाने खाली मूळ सोडलं, वर पान काढलं. शेतातलं तण निंदायला आलेल्या मैनाबाईने ते पाहिलं आणि ती हसतच सुटली. नवऱ्याला बोलावून तिने सारा बांध दाखवला.

"तोडाले गेले, अन् लावून बसले!"

खुशालरावही पोट धरून हसले. शेत राखायला म्हणून त्यांनी आपल्याच हाताने अख्खं अडुळशाचं कुंपण लावलं होतं!

त्या हिवाळ्यात गावभरच्या चरखीवाल्या बाया माझी पानं न्यायला आल्या. कापूस पिंजून खोकणारी पिंजाऱ्यांची जैनबबीही आली. "न्या, न्या, माह्या सासुरवाडीचं झाड हाये," खुशालराव ऐटीत सांगत. सुभद्रेचा काढा एक दिवस चुकला नाही. आणि बांधावर पांढरी फुलं आली, त्याच सुमारास एका पहाटे ती जात्यावर बसली आणि तिने ओवी म्हटली. आवाज पहिल्यासारखा, खणखणीत! खुशालराव ओट्यावर उभे राहून ऐकत होते आणि शेल्याने डोळे पुसत होते.

तर मित्रांनो, मला तोडूच नका असं मी म्हणणार नाही. पानं न्या, फांद्या न्या. फक्त जाताना माझी एक काडी ओल्या मातीत खोवून जा. पुढचं माझं मी पाहतो.