कॅरिअर नसलेली सायकल

हे लिहायचं जवळजवळ राहूनच गेलं होतं. दोनदा सुरू केलं, दोनदा पुसलं. मोबाईलवर टाइप करताना वाटायचं, यात आहे तरी काय? सोलापूरजवळच्या कुंभारीच्या एका पोरानं सायकल घेतली. रोज कितीतरी पोरं घेतात. पण पुसल्यावरही ती नारंगी सायकल डोळ्यांपुढून हलेना. मग राहू दिलं, जसं आलं तसं.

तर अजिनाथ. वय बावीस. एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला. त्याच कारखान्यात मागावर रुद्रप्पा होता, मूळचा मैंदर्गीचा. कुंभारीत दोघांच्या खोल्या एका भिंतीला लागून. रुद्रप्पाची आई मल्लव्वा लेकाशी कानडी बोलायची आणि अजिनाथला भाकरी वाढताना मराठी. तिच्या हिशोबानं पोरं दोन होती.

कामावर जायला एकच सायकल, अजिनाथच्या वडिलांची काळी. पुढं अजिनाथ, मागं कॅरिअरवर रुद्रप्पा. रुद्रप्पाचं तोंड कधी बंद नसायचं. रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत यायचा. अमुक टायर्स, तमुक मंगल कार्यालय, हितं भाकरी मिळेल. अजिनाथ म्हणायचा, "गप की लेका, मला बी दिसतंय." मागच्या वर्षी एकदा एका बंद पडलेल्या हॉटेलची जुनीच पाटी त्यानं वाचली. तिथं मोबाईलचं दुकान होऊन महिना झाला होता. अजिनाथ हसला. चेष्टा करतोय वाटलं त्याला.

चेष्टा नव्हती. रात्री रुद्रप्पाला लहानपणापासूनच कमी दिसायचं, पण आता दिवसाही कोपरे गायब व्हायला लागले होते. मागावर तुटलेला धागा दिसेना, माल खराब जायला लागला. मास्तरनं त्याला घडी घालायला बसवलं. शेवटी मायलेक डॉक्टरकडं गेले. डॉक्टर म्हणाले, डोळ्यामागचा पडदा बाजूंनी वाळत आलाय. नळीतून बघावं तेवढंच मधलं उरलंय, तेही हळूहळू जाईल. औषध नाही. मग त्यांनी सहज विचारलं, आईवडील नात्यातले का?

"ह्याचा बाप म्हंजे माझ्या आईचा सख्खा भाऊ," मल्लव्वा म्हणाली. "आमच्यात मामालाच देत्यात की."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. त्या दिवसापासून मल्लव्वा लेकाला वाढताना त्याच्या ताटाकडंच बघायची, तोंडाकडं नाही.

रुद्रप्पानं एकच गोष्ट मागितली. कुंभारीच्या पलीकडच्या माळावर काळविटं येतात म्हणे, ती बघायची. बास. काम सुटून मैंदर्गीला परत जायच्या आत.

एका रविवारी पहाटे दोघं गेले. माळ म्हणजे नुसते दगड. चालत गेलं तर रुद्रप्पा चार पावलांत एकदा अडखळणार, आणि मोटारसायकलच्या आवाजानं कळप पळणार. म्हणून काळी सायकल. उजाडता उजाडता अजिनाथनं ब्रेक दाबला आणि बोट केलं.

"ते बघ. रुद्र्या, बघ की. पाच हाईत. मधला काळा हाय, शिंगांचा."

रुद्रप्पा बराच वेळ त्या बाजूला तोंड करून उभा राहिला.

"दिसली," तो म्हणाला. "पर लई लांब हाईत. नीट न्हाय दिसली. जवळनं बघाय पायजे."

येताना एका खड्ड्यात काळ्या सायकलीचा पुढचं चाक धरणारा चिमटा मोडला. भंगारवाल्याच्या पोराएवढी धूळ खात दोघं ती खांद्यावर टाकून घरी आले. तेव्हा अजिनाथनं ठरवलं, आता घ्यायची ती माउंटन बाईक. जाड टायरची, गिअरची, दगडांना न भिणारी. रुद्रप्पाला अगदी कळपाजवळ न्यायचा. दिवाळीचा बोनस आणि वरचं थोडं, दहा हजारांच्या पुढं काही जाता येत नव्हतं. तोवर रुद्रप्पा फोन नाकाला लावून सायकलींचे व्हिडिओ बघायचा आणि याला शिकवायचा. "दहाच्या आत मागं स्प्रिंगवाली घेणारा येडा. जड असती, आन स्प्रिंग नुसती नाचती. मागनं ताठ असलेली घ्यायची."

कारखान्यानं रुद्रप्पाचा हिशोब केला, काम सुटलं. सोमवारी मायलेक मैंदर्गीला जाणार होते. बोनस शुक्रवारी हातात आला. म्हणजे शनिवारी सायकल, रविवारी माळ. एकच रविवार उरला होता.

शनिवारी दोघं नवी पेठेत गेले. गर्दीत रुद्रप्पानं अजिनाथच्या शर्टाची मागची बाजू मुठीत धरली होती. एक बाई म्हणाली, "लग्नाची गाठ मारलीय का रे?" रुद्रप्पा म्हणाला, "व्हय मावशी, सात फेरे राहिल्यात."

दुकान मागच्या बोळात होतं. मालक मानसिंग, पांढऱ्या मिशांचा, पानाचा तोबरा एका गालात.

"माउंटन बाईक," तो म्हणाला. "सोलापुरात. डोंगर घरी आणून ठेवलाय का?"

"डोंगर हप्त्यानं घेणार हाय शेठ," अजिनाथ म्हणाला. "सायकल तेवढी रोख."

मानसिंग हसला आणि बजेट ऐकून दोनच सायकली पुढं केल्या. एक करडी, साधी, पुढं शॉकअप आणि मागनं ताठ. दुसरी नारंगी, सीटखाली जाडजूड स्प्रिंग, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. भडक.

"पोरं हीच नेतात," तो नारंगीवर हात ठेवून म्हणाला. "पण खरं सांगू? चालवायची असेल तर करडी न्या. या पैशात मागची स्प्रिंग शोभेची असते."

अजिनाथनं मागं बघितलं. "सांग की मास्तर. तुझ्या मनानं."

रुद्रप्पा करड्या सायकलीपाशी बसला. टायर दाबला, चाक फिरवून आवाज ऐकला, मागच्या चाकाजवळची दोन छिद्रं बोटानं चाचपली. तिथं बोट जरा थांबलं. मग उठून नारंगीकडं गेला आणि लगेच म्हणाला, "ही घे."

"तूच म्हनला होतास, येडा घेतो म्हणून."

"तवा बघितली नव्हती. ही मला लांबनं बी दिसती, अज्या. करडी दिसत न्हाय."

अजिनाथनं पैसे दिले. तेवढ्यात रुद्रप्पानं खिशातून लिंबू काढलं, कुंकवाची पुडी काढली, पिशवीतून नारळ. सगळं आईकडून बांधून आणलं होतं.

"हितंच पूजा?" अजिनाथ म्हणाला. "सिद्धेश्वराला जाऊन करू की. आधी घंटी, स्टँड तरी लावून घेऊ."

"मुहूर्त गेला म्हंजे? धर हँडल."

मानसिंगही भाविक माणूस. त्यानं स्वतः उदबत्ती लावली. हँडलला कुंकू लागलं, उंबऱ्यावर नारळ फुटला, पुढच्या चाकाखाली लिंबू चिरडलं. रुद्रप्पानं खोबऱ्याचा पहिला तुकडा अजिनाथच्या तोंडात घातला.

मग घंटी बसली. स्टँड बसला. अजिनाथ म्हणाला, "आता कॅरिअर. जरा दणकट टाका शेठ, हा बसणार हाय."

त्याच्या आयुष्यात कॅरिअर नसलेली सायकल नव्हतीच. कुठलीही घेतली की दुकानदार वरून लावून देतो, घंटीसारखं. त्यात विचारायचं काय असतं?

मानसिंगनं पान दुसऱ्या गालात घेतलं. "याला कॅरिअर बसत नाही भाऊ. मागचा अर्धा सांगाडा हलतो, स्प्रिंगवर. कशावर बसवू? करडीला छिद्रं होती, तिला बसलं असतं."

"मग करडी द्या. ही ठेवा."

"कुंकू लागलंय," मानसिंग म्हणाला. आवाज कडक नव्हता. "देवाच्या नावानं चाक फिरलं की गाडी परत घेत नसतो मी. माझ्या वडिलांनीही कधी घेतली नाही. आणि तू तरी परत देशील का?"

अजिनाथनं चिरडलेल्या लिंबाकडं बघितलं. नसती दिली. त्याच्या घरी कुणीच दिली नसती.

बोळातून बाहेर पडून ते मोठ्या रस्त्याला लागले. अजिनाथ सायकल हातानं ढकलत होता, रुद्रप्पा एक हात सीटवर ठेवून शेजारून चालत होता. सायकल खरंच जड होती.

"छिद्रं चाचपलीस तू," अजिनाथ म्हणाला.

"व्हय."

"तुला ठावं होतं."

"व्हय."

"आन नारळ घाईनं फोडलास."

"लिंबू बी," रुद्रप्पा म्हणाला. "आई विचारत होती, तुला कशाला पायजे लिंबू. म्हनलं, अज्याला नजर लागंल."

अजिनाथ थांबला. मागून रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, तरी हलला नाही. "उद्या एकच दिस हाय, रुद्र्या. परवा तू चाललास. मी ही कुणासाठी घेतली? माझ्यासाठी?"

"बाजूला घे सायकल. मरशील."

त्यानं बाजूला घेतली. एका बंद शटरपुढं दोघं टेकले. रुद्रप्पा सायकलच्या नारंगी नळीवरून अंगठा फिरवत राहिला.

"त्या दिवशी मला काय बी दिसलं न्हाय," तो म्हणाला.

"लांब होती ती."

"लांब नव्हती. जवळ असतील. तू 'बघ बघ' म्हनत होतास, मी तुझं बोट बघत होतो. बोट दिसायचं. बोटाच्या पुढं सगळं पिवळं. मी शोधतोय, शोधतोय, आन तू म्हनतोस पाच हाईत. मग म्हनलं, दिसली."

"मग जवळनं बघाय पायजे कशाला म्हनलास?"

"तुझं तोंड बघून. तू लई खूश होतास." त्यानं हँडलवरचं कुंकू चाचपलं. "मला काय ठावं तू त्यावर सायकल घेशील. आधी वाटलं, घेऊ दे, तवर डोळं तसंच ऱ्हातील. न्हाय ऱ्हायलं. उद्या तू मला कॅरिअरवर घालून पार कळपात नेशील. आन म्हनशील, बघ. मी परत दिसली म्हणू? का न्हाय म्हणू? दोन्ही न्हाय जमायचं मला."

"मला सांगायचं होतंस."

"तू ऐकला नसतास. पाठीवर बसवून नेला असतास. साकु आता, अज्या. पुरे."

अजिनाथला राग येत होता. त्यानं उगाच घंटी वाजवली. नवी घंटी, आवाज फार गोड होता. समोरून एक बैलगाडी चालली होती, बैलांच्या शिंगांना निळा रंग, आणि वर कडब्याच्या पेंढ्यांवर एक कुत्रं ऐटीत बसलं होतं. अजिनाथच्या तोंडातून सवयीनं निघालं, "रुद्र्या, ते बघ..."

आणि वर केलेलं बोट त्यानं मागं घेतलं.

रुद्रप्पानं आवाजाच्या दिशेला मान वळवली. बैलगाडी पुढं गेली तरी मान तिकडंच राहिली.

"काय हाय?" त्यानं विचारलं.

अजिनाथनं नाक शर्टाच्या बाहीला पुसलं. "बैलगाडी हाय. निळ्या शिंगांचे बैल. कडब्यावर कुत्रं बसलंय, गावच्या सरपंचावानी."

"काळं का पांढरं?"

"तांबडं. एक कान पडलाय."

रुद्रप्पा जरासा हसला. हात सीटवरून काढून त्यानं अजिनाथच्या खांद्यावर ठेवला, कॅरिअरवर बसल्यावर ठेवायचा तसा. मग म्हणाला, उद्या एकटाच जा माळावर. सायकल घेतलीस, वाया नको घालवू.

"जातो," अजिनाथ म्हणाला. "आन मैंदर्गीला येऊन सांगीन. जेवढी दिसतील तेवढीच सांगीन. न्हाय दिसली तर न्हाय दिसली म्हनीन, खोटं न्हाय बोलणार. आन आजपास्नं तुला कधी 'बघ' म्हणणार न्हाय, रुद्र्या. सांगत जाईन."