हिरव्या ठिपक्याची हाक

“मैनेऽऽ, ये वंऽऽ!”

आईची हाक धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून निघायची, संत्र्याच्या बागेवरून तरंगत यायची आणि ओढ्याकाठी खेळणाऱ्या मैनेच्या कानात अलगद उतरायची. ‘मैने’ इतकं लांबवायची, की मधल्या पाखरांनाही वाटावं आपल्यालाच बोलावलं. ‘ये वं’ मात्र आखूड, ऊन ऊन, तव्यावरून उतरलेलं. त्या हाकेला कारण लागत नसे. भाकर असो, वेणी असो, नाहीतर नुसतं पोर डोळ्यांपुढे नाही म्हणून.

मैना लग्न होऊन वरूडकडून हिवरखेडला आली, मैनाबाई झाली, सासू झाली. पण हाक थांबली नाही. माहेरी मृगबहाराची संत्री पिवळी पडू लागली की आई येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडी निरोप धाडायची. पुढे फोन आले, तर फोनवर ओरडायची, जणू हिवरखेडपर्यंत आवाज तिनंच पोचवायचा होता. “मैने, ये वं!” की मैनाबाईची पिशवी भरलीच. न बोलावता ती एकदाही गेली नाही. सासरी नांदणाऱ्या लेकीनं बोलावल्याशिवाय माहेरची पायरी चढू नये, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या हाडात होतं.

गेल्या पावसाळ्यात आई गेली. त्या वर्षी दिवाळी केली नाही, भाऊबीज झाली नाही. आता माघ सरत आला होता. बाग पिवळी झाली असणार. आणि बोलावणारं एकच माणूस उरलं होतं, मोठा भाऊ खुशालराव. त्याची बोलण्याची तऱ्हा म्हणजे फोन उचलला की “बोल”, आणि ठेवताना तेवढंही नाही.

“आई, सरळ फोन लावा ना मामाले,” सून वर्षाली म्हणाली. ती ओसरीवर लसूण सोलत होती.

“फोन लावला तं तो तोंडदेखलं ‘ये’ म्हणनच. तसं बोलावणं मले नको. त्याच्या मनातून निघालं पाह्यजे.”

“त्याच्या मनातून निघासाठी तुमी काही सांगसान तं खरं!”

म्हणून मैनाबाईनं व्हॉट्सअॅपवर निरोप बोलून पाठवायचं ठरवलं. वर्षालीनंच शिकवलं होतं, त्या माइकवर बोट दाबून धरायचं आणि बोलायचं. पहिल्या निरोपात ती एवढंच म्हणाली, “भाऊ, संत्री पिवळी झाली का?” ज्याला समजायचं त्याला त्यात सगळं होतं. काही दिवस वाट पाहून दुसरा निरोप, “मुंगवड्या घातल्या. तुले आवडते तशा, जिऱ्याच्या.” आणि तिसऱ्या वेळी काय बोलावं ते सुचेना, तर आई जात्यावर म्हणायची ती ओवीच तिनं म्हणून टाकली. बोट तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही.

तिन्ही निरोपांपुढे दोन-दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही.

“निळं म्हंजे पाह्यलं ना वं त्यानं?”

“हाओ. उघडलं म्हणूनच निळं झालं.”

“मंग बोलत काहून नाही?”

लसणाची सालं फुंकून वर्षालीनं विषय उडवला. मैनाबाई मात्र कामातून उठून उठून फोन उघडायची. त्या निळ्या खुणा तिला आता बंद केलेल्या दाराच्या दोन कड्यांसारख्या वाटू लागल्या. आईबरोबर माहेरही गेलं की काय, हा प्रश्न तिनं कुणाला विचारला नाही. तो तिच्याबरोबरच जेवायचा, तिच्याबरोबरच भांडी घासायचा.

मग एक दिवस तिचा मुलगा शुभम म्हणाला, त्याला मोर्शीला फवारणीचा पंप पाहायला जायचं आहे. मैनाबाईनं मुंगवड्यांचा डबा काढला.

“मोर्शीच्या पुढं वरूड कितीकसं दूर हाय?”

शुभम हसला. “म्हंजे मामाकडं जायचं म्हण ना!”

“मी माहेरी नाही चालली,” ती ठणकावून म्हणाली. “भावाचं संत्र्याचं शेड रस्त्यावर हाय. तिथं डबा देणार, उभ्या उभ्या पाणी पिणार, परत फिरणार. शेड काही माहेर नाही. तिथं बिहारचे, बंगालचे व्यापारी येते, मी गेली तं काय?”

वर्षाली हसून मागे फिरली. जाताना तिनं सासूच्या पिशवीत हळूच एक चांगलं लुगडं सरकवलं, राहायची वेळ आलीच तर.

अकोट मागं पडलं, परतवाडा मागं पडलं. सातपुड्याची निळी कड डाव्या अंगाला सोबत चालली. मोर्शी ओलांडल्यावर दुतर्फा बागा सुरू झाल्या आणि गाडीच्या काचेतून तो ओळखीचा आंबट-गोड वास आत आला. मैनाबाईनं पदर नाकाशी धरला. वास नको होता म्हणून नव्हे, सांडू नये म्हणून.

शेडमध्ये घाई होती. बाया ओळीनं बसून गावोगावच्या बागांतून विकत घेतलेली फळं निवडत होत्या, मोठी एका कॅरेटात, बारकी दुसऱ्यात. एका कोपऱ्यात टेबलावर कॉम्प्युटर होता आणि त्याच्यासमोर खुशालरावांची सून प्राजक्ता. व्यापाऱ्यांचे मेसेज तीच पाहायची. खुशालरावांच्याच नंबरचं व्हॉट्सअॅप तिनं कॉम्प्युटरला जोडून घेतलं होतं.

“आत्याबाई!” प्राजक्ता उठून पाया पडली. “कळवलं नाही काही?”

“कळवलं वं माय. कळवून कळवून बोट दुखलं.”

तेवढ्यात खुशालराव मागून आले. डोक्याला गमछा, हाताला संत्र्याचा वास. बहिणीला पाहून त्यांचे पाय क्षणभर थबकले, आणि मग तोंड नेहमीसारखं दगडाचं झालं.

“आली?”

“आली.”

“बस मंग.”

“बसाले नाही आली. डबा देऊन चालली.”

“बरं.”

निवडणाऱ्या बायांतली एक दुसरीच्या कानाशी पुटपुटली, “हे दोघं भांडून राहिले का बोलून राहिले?” दुसरी म्हणाली, “खुशालभाऊंचं बोलणं-भांडणं सारखंच राहते.”

प्राजक्तानं चहा आणला. मैनाबाईनं कप घेतला, पण प्यायली नाही. शेवटी तिच्यानं राहवलं नाही.

“भाऊ, तीन निरोप धाडले. तिन्ही पाह्यले तू. निळ्या खुणा पाहून पाहून माझे डोळे निळे झाले. एक हूं तरी म्हणाचं होतं.”

“कोणते निरोप?”

“आता असं विचारतोस?”

“मैना, मले एक नाही भेटला. मी तं म्हटलं, आई गेली, आता हिले भावाशी काय करायचं. रोज मोबाइल काढतो, वरून खाली बोट फिरवतो. ज्याच्यापुढं नव्या निरोपाचा हिरवा ठिपका, तेवढं उघडतो. तुयापुढं कधी ठिपकाच नाही.”

प्राजक्ताचा हात तोंडावर गेला.

“मामाजी…” ती सासऱ्यांना म्हणाली, “ते ठिपके मीच खाल्ले.”

“काय केलं?”

“सकाळी बसली की मी पाहते ना, एकेक करून सगळे उघडते. कोणाले किती कॅरेट पाह्यजे, कोणी फोटो मागतला. आत्याबाईचंही उघडलं. पण ते आवाजाचे होते आन् या डब्ब्याले स्पीकरच नाही. मी म्हटलं, मामाजी मोबाइलवर ऐकतीन. घरचंच हाय, आपण काहून ऐकाचं?” तिचा स्वर रडवेला झाला. “इथं उघडलं की तिथला ठिपका जाते, हे मले मालूम होतं. तुमी ठिपक्यावरच चालता, हे नव्हतं मालूम.”

“मंग ते टुंग टुंग? मेसेज आला की वाजते ते?” मैनाबाईनं विचारलं.

“ते मीच बंद केलं,” खुशालराव म्हणाले. “दिवसभर टुंग टुंग. भज्यासारखं तळून राहिलं कोणी कानात. पोराकडून सगळंच मुकं करून घेतलं.”

मैनाबाईला हसू आलं. प्राजक्तानं सासऱ्यांचा फोन घेतला, व्यापाऱ्यांच्या गर्दीखाली पार तळाशी गेलेलं आत्याबाईचं नाव शोधलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. खुशालरावांनी अंगठा टेकवला.

“भाऊ, संत्री पिवळी झाली का?”

निवडणाऱ्या बायांचे हात मंदावले.

“मुंगवड्या घातल्या. तुले आवडते तशा, जिऱ्याच्या.”

आणि मग, हिवरखेडच्या ओसरीवरची चिमण्यांची चिवचिव, कुठं तरी भांड्याचा आवाज, आणि मैनाबाईचा जरा थकलेला गळा:

“धुऱ्यावर उभी माय, हाक तिची वाऱ्यावर,
लेक नांदे दूर गावी, कान तिचा दारावर…”

दुसऱ्या ओळीशी आवाज फुटला आणि निरोप संपला. आईच्या मागं ती ओवी कुणी म्हटली नव्हती. खुशालरावांनी गमछ्यानं कपाळ पुसलं, मग उगाच मानही पुसली.

“घाम आला,” ते म्हणाले. मग शब्द चाचपडत पुढं, “मैना, ते बोलावाचं काम आईचं होतं. आमच्या घरात तेवढंच एक काम कोणी शिकलं नाही.”

“मंग शिक ना रे,” मैनाबाई म्हणाली. तिनं कप उचलला आणि चहा आता कुठं तोंडाला लावला. “मी काही शिकवाले नाही बसणार. शुभम, गाडी फिरव. उजेडात घरी पोचू.”

शुभम उठला, पण हळूच. किल्ली शोधायला त्यानं भलताच वेळ लावला. प्राजक्तानं फोनमध्ये काहीतरी केलं आणि सांगितलं, आत्याबाईच्या नावाला तिनं वेगळा आवाज लावला आहे, आता बाकी सगळं मुकं राहिलं तरी तो वाजेल. आणि कॉम्प्युटरवर घरचं माणूस दिसलं की ती हातच लावणार नाही. मैनाबाई मान हलवत होती. ती ऐकत होती ते दुसरंच. खुशालराव उठून कॅरेटांच्या थप्पीमागे गेले होते. तिकडून खोकल्याचा आवाज आला. मग खाकरणं.

“मामाजी, काय झालं?” प्राजक्तानं विचारलं.

“काई नाही. काम कर तू.”

मैनाबाईच्या पिशवीत, लुगड्याच्या घडीखाली, फोन वाजला. तिनं तो बाहेर काढला. भावाचं नाव, आणि पुढं हिरवा ठिपका. थप्पीमागून गमछ्याचं टोक तेवढं दिसत होतं. तिनं अंगठा टेकवला, आणि शेडभर तो घोगरा आवाज पसरला, आधी जरा अडखळत, मग आईच्यासारखा लांबत, संत्र्यांच्या राशीवरून तरंगत:

“मैनेऽऽ… मले तोंडावर नाही जमत वं. आई गेली तेव्हापासून रोज म्हणतो, बोलावू, मंग वाटते, माह्या आवाजानं तू येशील का? घर सुनं लागते. आपली बाग पिवळी झाली. तुयाशिवाय तोडाले हात नाही लावला अजून. घरी चाल. ये वंऽऽ!”