म्हशीने खाल्लेला दगड

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो, आणि मला एका म्हशीने खाल्ले. हसू नका. मला स्वतःलाही ते अजून खरे वाटत नाही.

खरा दगड असतो तर तिचेच दात पडले असते. पण माझी हाडे बांबूच्या कामट्यांची, कातडी तरटाची आणि तिच्यावर खळीने चिकटवलेले कागद. अकोटच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीतल्या उत्तमरावांनी मला घडवले. वरून राखाडी रंग फासला, दोन पावले मागे सरले आणि म्हणाले, "जमला दगड." आयुष्यातला पहिला धक्का मला तेव्हा बसला. तोवर मी स्वतःला मोठी टोपली समजत होतो.

माझे काम वर्षातून एकदाच, पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला. प्रभू येशूला शुक्रवारी वधस्तंभावर मारले, कबरेत ठेवले आणि कबरेच्या तोंडावर मोठा दगड लोटला. रविवारी पहाटे बाया सुगंधी द्रव्ये घेऊन आल्या, तर दगड बाजूला आणि कबर रिकामी! मेलेला येशू जिवंत होऊन उठला होता. आमची मंडळी त्या पहाटे दफनभूमीत जमते, आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावते आणि मग मुले हे नाटक करतात. बाकीची पात्रे समोर आली की लोक खूश होतात; मी बाजूला झालो की.

नाटक बसवतात रविवारच्या शाळेच्या माणिकबाई. कामे वाटताना माणसे कशी उघडी पडतात ते मी कोपऱ्यातून पाहत आलो आहे. कबरेकडे जाणारी मरीया व्हायला साऱ्या मुली तयार, कारण तिला आईची चांगली शाल मिळते. येशूला धरून देणारा यहूदा कोणालाच नको. एकदा एका यहूदाची आई भांडायला आली होती, "माह्या पोराले अख्खा मोहल्ला यहूदा म्हणून राहिला, बाई."

यंदा मुलगे कमी पडले, म्हणून पेत्राचे काम प्राजक्ताला मिळाले. रिकाम्या कबरेच्या दारात उभे राहून बातमी देणारा देवदूत झाला श्याम. पेत्र हा येशूचा जिवाभावाचा शिष्य. सगळे सोडून गेले तरी मी जाणार नाही, म्हणणारा. पण येशूला पकडून नेल्यावर लोकांनी विचारले तर हाच पेत्र तीनदा म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. प्राजक्ताने नाक मुरडले. "मी असं कधीच बोलली नसती," ती म्हणाली.

उत्तमराव कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत. "मागच्या साली पोट्ट्यानं एका बोटानं दगड लोटला, लोक हसले," म्हणून यंदा त्यांनी मला वजनदार करायचे ठरवले आणि माझ्या पोटात सरकी भरली. सरकी म्हणजे कापसाचे बी. म्हशींना ती किती प्यारी असते हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस अकोटात सापडणार नाही, उत्तमराव धरून. पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात फक्त दगड होता.

शनिवारी दुपारी तालीम संपली. मला रंग वाळायला चर्चच्या आवारात उन्हात ठेवले होते. शेवटी निघणाऱ्याने फाटकाची कडी लावायची, असा नियम. शेवटी निघाली प्राजक्ता. रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटी वाजली आणि ती तशीच धावली. श्याम रस्त्यापलीकडच्या हापशीवर पाणी पीत होता. त्याने पाहिले. मीही पाहिले.

मग शेजारच्या देवमनची म्हैस आली. आधी तिने मला हुंगले. मला वाटले, दर्शनाला आली असेल. मग खरखरीत जीभ फिरली, शिंग घुसले, तरट टरकन फाटले आणि माझे पोट तिच्या पोटात जाऊ लागले. जबड्यात शिरणाऱ्या दगडाला काय वाटते हे तुम्हाला कसे सांगू? मी ओरडूही शकलो नाही.

सगळे धावत आले. माणिकबाई मटकन ओट्यावर बसल्या. "फाटक कोनं उघडं टाकलं?"

"म्या तं लावलं होतं," प्राजक्ता म्हणाली.

उत्तमरावांनी पुन्हा विचारले. "मले काय माहीत, काका," ती म्हणाली. तिचा चेहरा माझ्याहून राखाडी झाला होता.

तेवढ्यात श्याम पुढे आला. "मीच टाकलं उघडं."

म्हशीनेही मला इतके हादरवले नव्हते. माणिकबाईंनी त्याला नाटकातून काढले. उद्या दूत होईल छोटी प्रणाली. श्यामने गुपचूप पंख उतरवून दिले.

प्राजक्ताने त्याला माझ्याआड गाठले. "काहून खोटं बोलला तू?"

"तुह्यं तोंड तू पाह्यलं असतं तं तू बी बोलली असती," तो म्हणाला. "आन् ते पंख लय टोचतात."

पण जाताना त्याने पंखांकडे दोनदा वळून पाहिले. ती मात्र कोणाला काही न सांगता घरी गेली.

रविवारी पहाटे दफनभूमीत कडुनिंबाखाली ताडपत्रीची कबर उभी राहिली आणि तिच्या तोंडाशी शिवलेला, ठिगळे लावलेला मी. मला लोटले. प्रणाली कबरेच्या दारात उभी राहून म्हणाली, "भिऊ नका. तो इथे नाही, तो उठला आहे. जा, त्याच्या शिष्यांना सांगा." बाया पळाल्या, शिष्य नाचले. आता पेत्राने धावत येऊन कबरेत पाहायचे. पण प्राजक्ता झाडापाशी खिळून उभी. मोबाईल धरून धरून लोकांचे हात दुखायला लागले.

मागून श्याम म्हणाला, "अव प्रणाली, पेत्राचं राह्यलं. शिष्यांना आणि पेत्राला सांगा, असं बायबलात हाये. त्याचं नाव येगळं घ्या लागते. नाही तं त्याले वाटन, आपल्याले बोलावलंच नाही."

लोक हसले. प्रणाली फुरंगटून म्हणाली, "आणि पेत्राला!"

प्राजक्ता आली. पण कबरेपाशी न जाता माझ्याजवळ थांबली आणि सगळ्या मंडळीसमोर म्हणाली, "फाटक म्या उघडं टाकलं होतं. श्यामनं नाही."

पाळकसाहेबांचा हात पुस्तकाच्या पानावर तसाच राहिला. मग उत्तमराव खाकरले. "आन् सरकी म्या भरली होती."

माणिकबाईंनी प्राजक्ताला जवळ ओढले. "पोट्टेहो, तुमी इचारत होते, तारण म्हंजे काय. श्यामनं एका फाटकाचा ठपका आपल्यावर घेतला. येशूनं काहीच केलं नव्हतं, तरी साऱ्या जगाची पापं आपल्यावर घेतली आन् मेला. तेवढ्यावरच संपलं असतं तं आपण इथं रडत बसलो असतो. पण तो उठला. आन् ज्यानं त्याले ओळखत नाही म्हटलं, त्याच पेत्राले नाव घेऊन बोलावलं. हेच तारण. ते कमवा नाही लागत. बोलावलं की जा लागते. जाय, बेटा."

"मंग मी पंख घालू का आता?" श्यामने विचारले.

"मी नाही देणार," प्रणाली म्हणाली.

प्राजक्ता धावली ती इतक्या जोरात, की मला धक्का बसून माझी दोन ठिगळे उसवली. तिने वाकून आत पाहिले. पाठ केलेले वाक्य ती विसरलीच. नुसती म्हणाली, "खरंच नाही इथं कोनी." आणि वर पाहून रडता रडता हसली.

मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा, उंदरांपासून जपा, आणि पोटात काही भरायचेच असेल तर जुनी वर्तमानपत्रे भरा. एवढे माझ्यासाठी. आणि कोणी आपल्या चुकीने मान खाली घालून दारापर्यंत आलेच, तर त्याच्या वाटेत उभे राहू नका. मी दगड असून बाजूला होतो. तुम्हाला तर पाय आहेत.