वाऱ्याने पडलेला दगड

मित्रांनो, ह्या मोठ्या ईदला रहवा गावच्या हैदरा साबितने पहिल्याच गोळीत समोरच्या कड्यावरचा पांढरा दगड उडवला.

आता हे वाक्य विसरून जा. असं काही घडलं नाही. रहव्यात कुणालाही विचारा, शेळ्या राखणाऱ्या पोरींना विचारा, त्याही सांगतील की असं काही घडलं नाही. तेव्हा मीही तसंच समजून पहिल्यापासून सांगते.

मी एक जुनी रायफल आहे. यमनमधल्या यफाच्या डोंगरात माझ्यासारखीला ‘जर्मल’ म्हणतात, कारण आमचं माहेर जर्मनीत. माझा जन्म एका थंड कारखान्यात झाला. आम्ही बहिणी फळीवर ओळीने निजलो होतो आणि एक चष्मेवाला माणूस प्रत्येकीच्या नळीत डोकावून मान हलवत होता. माझ्या नळीत तो जरा जास्त वेळ डोकावला. मला वाटलं, त्याला मी आवडले. त्याला शिंक येत होती.

तिथून मी तुर्कांच्या फौजेत गेले. ज्या शिपायाच्या खांद्यावर पडले त्याची फौज लढाई हरली, आणि घरी जायला त्याला रायफलीपेक्षा खेचराची गरज जास्त होती. हैदराच्या आजोबांनी, म्हणजे साबितच्या वडिलांनी, त्याला खेचर दिलं आणि मला घेतलं. ते खेचर दुसऱ्याच वळणावर बसलं, ते पुन्हा उठलंच नाही. त्यामुळे ह्या सौद्यात मी फायद्याची ठरले. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक.

खरं कौतुक साबितने केलं. आमच्याकडे ईदच्या नमाजानंतर दरीच्या पलीकडच्या कड्यावर एक पांढरा दगड उभा करतात. दोन गावं जमतात. ओळीत उभं राहून प्रत्येक घर एक गोळी झाडतं. ज्या गावाची गोळी दगड पाडते ते गाव गात-नाचत घरी जातं. दुसरं गाव नुसतं घरी जातं. साबितच्या हयातीत रहवा बहुतेक वेळा गात गेलं. तो मला तिळाच्या तेलाने पुसायचा, आणि ईदच्या सकाळी बायकोच्या आधी माझी विचारपूस करायचा. ह्यावरून घरात काय व्हायचं ते मी सांगणार नाही, तुम्ही लहान आहात.

साबित गेला. त्याचा मुलगा हैदरा तेव्हा जेद्दामध्ये होता. एका बेकरीत केकवर क्रीमने लोकांची नावं लिहिणं हे त्याचं काम. घरात उरली साबितची बहीण दौला. तिने मला फडक्यात गुंडाळून आढ्याला टांगलं. पुढे फडकं दुसऱ्या कामाला लागलं आणि माझ्यावर कांद्याच्या माळा आल्या. पावसाळ्यात माझ्यावर लुंग्या वाळायच्या. माझा पट्टा उंदरांनी खाल्ला. मी तक्रार केली नाही, कारण तक्रार करण्याचा माझा एकच मार्ग आहे आणि त्याला काडतूस लागतं.

मग हैदराचा जेद्दातल्या कामाचा परवाना संपला आणि तो कायमचा परत आला. डोक्याला टक्कल, हातात क्रीमच्या नळ्यांचा डबा. जेद्दात तो यमनी होता, रहव्यात तो जेद्दावाला झाला. त्याचा चुलतभाऊ मुक्बिल पहिल्याच बैठकीत, गालात कात नावाच्या नशेच्या पाल्याचा तोबरा धरून, म्हणाला की काकांची रायफल कांदे सांभाळायला ठेवणं ही सगळ्या खानदानाची बेअब्रू आहे, आणि हैदराने आजवर फक्त अंडी फोडलीत. लोक हसले. हैदराही हसला, कारण त्याला वाटलं हसण्याची रीत असावी.

मित्रांनो, रहव्यात ज्या घराची रायफल ईदच्या ओळीत नसते, त्या घराच्या माणसाला बैठकीत चपलांपाशी जागा मिळते. तसा नियम कुणी केलेला नाही. सगळे जरा जरा सरकतात आणि तो आपोआप तिथे पोचतो. गावचे म्होरके फदलकाका, ज्यांचं म्हणणं शेवटचं, त्यांनी निवाडा दिला. ह्या ईदला हैदराच्या गोळीने दगडाला हात लावला तर रायफल आणि ओळीतली जागा त्याची. नाही लावला तर दोन्ही मुक्बिलची.

दुसऱ्या दिवशी हैदरा मला घेऊन गावामागच्या पडीक शेतांच्या पायऱ्यांवर गेला. त्याने मला खांद्यापासून चार बोटं दूर धरलं, जशी तापलेली कढई धरतात. दोन्ही डोळे मिटले, तोंड फिरवलं आणि चाप ओढला. मी मागे आले. तो निवडुंगात गेला. गोळी कुठे गेली ते अजून कळलेलं नाही.

लोक म्हणतात मी लाथ मारते. मी लाथ मारत नाही. गोळी पुढे जाते म्हणून मला मागे यावं लागतं. जगात कुणीतरी पुढे गेलं की कुणाला तरी मागे यावंच लागतं, आणि शिव्या नेहमी मागे येणाऱ्याला पडतात.

दौला आत्या सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन वरून बघत होती. तिने आधी पोटभर हसून घेतलं, मग मोळी उतरवली.

“अरे, तू तिला लांब धरलंस तर ती धावत येऊन बडवणार,” ती म्हणाली. “आधीच खांद्याच्या खळग्यात घट्ट टेकवून ठेव. मग नुसती ढकलेल. जेद्दात तुला कुणी जवळ घ्यायला शिकवलं नाही वाटतं?”

“केकला जवळ घेत नाहीत, आत्या.”

“म्हणून तुझं लग्न टिकलं नाही.”

त्यानंतर रोज सकाळी दोघं माझ्याबरोबर पायऱ्यांवर. आत्याने स्वतः कधी गोळी झाडली नव्हती, पण भावाला आयुष्यभर बघितलं होतं आणि बघितलेलं सगळं तिला आठवत होतं. डावा पाय पुढे. अंग जरा पुढे झुकलेलं. गाल दस्त्याला टेकलेला, मान ताठ नाही. माझ्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, स्पष्ट दिसली पाहिजे, दगड धुरकट दिसला तरी चालेल. चाप ओढायचा नाही, लिंबू पिळताना शेवटचा थेंब काढतात तसा दाबत न्यायचा. हैदराचा खांदा आधी लाल झाला, मग जांभळा, मग हिरवट. तो गावात खांदा चोळत फिरायचा आणि मुक्बिल लांबून विचारायचा, “काय जेद्दावाले, केक भाजला का?”

खांदा सावरला तरी नेम सावरेना. सगळ्या गोळ्या खाली डावीकडे, एकाच खडकावर. तो खडक बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण त्याचं पीठ झालं. तेव्हा आत्याने एक युक्ती केली. मला घेऊन ती पाठमोरी व्हायची आणि कधी भरलेलं काडतूस घालायची, कधी रिकामं. कुठलं ते त्याला सांगायची नाही. पहिल्याच रिकाम्या काडतुसाला नुसतं ‘टक्’ झालं आणि हैदरा असा दचकला की माझी नळी जमिनीकडे गेली.

“गोळी नव्हतीच रे,” आत्या म्हणाली. “कुणाला घाबरलास?”

हैदराने जरा विचार केला. “धक्क्याला. तो यायच्या आधीच मी जाऊन त्याला भेटतो.”

“मग घरी थांब. त्याचा तो येईल.”

हे त्याला पटलं. वर त्याला स्वतःचं एक सापडलं. केकवर नावातलं शेवटचं अक्षर लिहिताना, बारीक शेपूट ओढायच्या वेळी, तो अर्धा श्वास सोडून थांबायचा. तसा तो आता थांबू लागला. त्या क्षणी मी त्याच्या हातात इतकी स्थिर असायचे की मला शंका यायची, हा आता माझ्यातून क्रीम काढणार. ईद जवळ आली तेव्हा ईदच्या दगडाइतक्या अंतरावर ठेवलेले डबे पडू लागले. सगळे नाही, पण बरेच. हैदरा कुणालाही सांगत नव्हता. घरी आला की मला तिळाच्या तेलाने पुसायचा. मित्रांनो, मी पुन्हा कुणाची तरी होते. ह्यावर मी विनोद करू शकते, पण करत नाही.

इथे मला पलीकडच्या शिब गावाबद्दल सांगावं लागेल. पाण्याच्या एका चरावरून शिब आणि रहवा यांच्यात बरीच वर्षं बोलणं बंद होतं. लग्नं बंद, मयतीला जाणं बंद, ईदचा दगडही ज्याचा त्याने उभा करायचा. यंदा समेट झाला. रहव्याने रीतीप्रमाणे शिबच्या वेशीत माफीचा बैल कापला आणि गुपचूप आणखी एक अट मानली: ईदचा दगड शिबचे म्हातारे शेख नासिर यांच्या हातून पडेल. तोवर रहव्याचं प्रत्येक घर चुकवेल. शेख नासिरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यामुळे बरंच चुकवावं लागणार होतं.

फदलकाका स्वतः दारोदार जाऊन प्रत्येक पुरुषाला हे कानात सांगत होते. मुक्बिल त्यांच्या सोबत होता. आमच्या दारात आले तेव्हा मी उंबऱ्याशी टेकून ऊन खात होते. आत हैदरा खांद्याला हळद-तेल लावत बसला होता.

“ह्यालाही सांगून टाकतो,” फदलकाका म्हणाले.

“कशाला?” मुक्बिल म्हणाला. “बाकीचे नाटक करून चुकवतील. हा मनापासून चुकवेल. तेवढंच खरं वाटेल.”

फदलकाकांना हे सोयीचं वाटलं. चढ मोठा होता आणि अजून बरीच घरं उरली होती. आत येऊन त्यांनी कॉफीच्या टरफलांचा काढा घेतला, हैदराला मन मोकळं ठेवून गोळी मार म्हणाले, आणि गेले. मी सगळं ऐकलं. ओरडावंसं वाटलं, पण मी भरलेली नव्हते.

ईदचा दिवस. आकाश निरभ्र, वारा इतका पडलेला की चुलींचा धूर काठीसारखा सरळ उभा. ओळ लागली. रहव्याची घरं एकामागून एक चुकवू लागली, आणि तेव्हा सगळ्यांना कळलं की चुकवणं सोपं नाही. पिढ्यान्‌पिढ्या मारणाऱ्यांचे हात आपोआप दगडाकडे जात होते. एकाने तर इतका काळजीपूर्वक चुकवला की गोळी दगडाच्या पायथ्याला लागली, दगड डुलला आणि सगळं गाव श्वास रोखून उभं राहिलं. मुक्बिलने सरळ आभाळात मारली. शेख नासिरांची गोळी जिकडे गेली तिकडून एक गाढव ओरडत आलं. त्याला काही झालं नव्हतं, ते नुसतं मत देत होतं.

ओळीच्या शेवटी हैदरा. डावा पाय पुढे. मी त्याच्या खांद्याच्या खळग्यात, गाल माझ्या दस्त्यावर. मला माहीत होतं की त्याने मारलं तर काय होईल, आणि चुकलं तर काय होईल हेही माहीत होतं. दोन्हींत मी मुक्बिलचीच होते. पण रायफल काही ठरवत नसते, तिला फक्त सरळ राहता येतं. त्याने अर्धा श्वास सोडला. शेवटचं अक्षर. मी मागे आले, त्याने मला अंगावर घेतलं आणि तसूभर हलला नाही.

पलीकडच्या कड्यावरून दगड गेला.

कुणी गायलं नाही. हैदरा हसऱ्या चेहऱ्याने वळला आणि त्याला दोन गावं आपापल्या पायांकडे बघताना दिसली.

“वारा,” फदलकाका म्हणाले.

“वाराच,” मुक्बिल म्हणाला.

मग ओळीतले सगळे म्हणाले, वारा. काहींनी शाल सावरल्यासारखं केलं. दुसरा दगड आणला, तो अलीकडे ठेवला, मग आणखी अलीकडे, आणि शेवटी शेख नासिरांच्या गोळीने तो पडला. शिब गात-नाचत निघालं. रहवाही मागून गात निघालं, हे आमच्याकडे पहिल्यांदाच घडलं.

दुपारी फदलकाका आमच्याकडे आले. त्यांना बसवत नव्हतं.

“तू मारलास,” ते हैदराला म्हणाले. “मी डोळ्यांनी पाहिलं. आणि मी ते पाहिलेलं नाही.”

“मग रायफल?”

“बाळा, रायफल तुझ्याकडे ठेवली तर शिबवाले विचारतील, चुकलेल्याला रायफल कशी? ती मुक्बिलकडे गेली तरच वारा खरा. नाही तर पुन्हा मयतीला जाणं बंद.”

शिबमध्ये हैदराची एक बहीण दिलेली होती, समेट होईपर्यंत तिचं तोंडही त्याने पाहिलं नव्हतं. त्याने मला उचललं, नळी पुसली, आणि स्वतःच्या हाताने फदलकाकांकडे दिलं. दौला आत्या चुलीपाशी होती. ती वळली नाही.

“मारायला शिकवलं,” ती म्हणाली. “चुकवायला शिकवायचं राहूनच गेलं.”

वाटेत आम्हाला शेख नासिर भेटले, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून परत निघालेले. त्यांनी मला चाचपून ओळखलं. म्हणाले, “ज्याची ही, त्याला सांगा, तुमच्याकडचा वारा नेम चांगला धरतो.” फदलकाकांनी हा निरोप कुणालाही दिला नाही.

आता मी मुक्बिलच्या बैठकीत खिळ्यावर आहे. माझ्या नळीत प्लास्टिकची फुलं आहेत आणि दस्त्यावर फोन चार्ज करायची वायर लोंबते. मुक्बिल मला झाडत नाही, त्याला धक्का सोसत नाही. मुलाच्या लग्नात त्याने हैदराकडून माझ्या आकाराचा केक करून घेतला. हैदराने माझ्या दस्त्याचा टवकाही क्रीममध्ये जागच्या जागी काढला होता. पाहुण्यांनी मला खाल्लं आणि गोड झालीय म्हणाले. केकवाला तेव्हा दारापाशी, चपलांच्या शेजारी बसला होता. त्याने एकदाही वर पाहिलं नाही, आणि मला मान वळवता येत नाही.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा असं मी म्हणणार होते. पण माझी निगा आता चांगली राखली जाते, रोज फडकं फिरतं. तेव्हा ती विनंती रद्द समजावी आणि पुढील अर्ज दाखल करून घ्यावा.

रहवा गावच्या मान्यवर पंचमंडळींस सविनय सादर. अर्जदार सध्या भिंतीवर आहे. ईदच्या निकालात कोणताही बदल नको, तो वाऱ्याच्या नावेच कायम ठेवावा. मात्र शिबचे कोणी पाहुणे नसतील अशा एखाद्या दुपारी, गावामागच्या पडीक पायऱ्यांवर, अर्जदारास एक भरलेलं काडतूस आणि हैदरा साबित यांचा उजवा खांदा तात्पुरता उपलब्ध करून देण्यात यावा. लक्ष्याची व्यवस्था केली नाही तरी चालेल.