अंड्यातली गाठ

दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग पार जिन्यापर्यंत गेला होता. मधोमध गादीवर गाठवाल्या माई. त्यांनी एका बाईच्या पोटावरून अंडं फिरवलं, वाडग्यात फोडलं आणि बलकातून केसांची काळी गाठ चिमटीत उचलली.

"बघा! कूस बांधून ठेवली होती या गाठीनं!"

बायकांनी तोंडावर हात ठेवले. कुणाला रडूच फुटलं.

धाकटी सून कोपऱ्यात उभी होती. दवाखान्यात बाहेर तयार केलेला गर्भ तीनदा तिच्या कुशीत सोडला, तीनदा वाया गेला. गोठवलेला एकच उरला होता.

"तो बर्फातला टाकून द्या," सासूबाईंकडून सगळं ऐकून माई म्हणाल्या. "मेलेलं बी ते. त्याची सावली पडते कुशीवर."

"ऐकलंस?" सासूबाईंनी कोपर मारलं. "उद्याच दवाखान्यात सांगून ये."

"आई, तो शेवटचा आहे हो."

"आधीचे तीन टिकले का? मग? का नाही टिकले, सांग!"

याला धाकटीकडे उत्तर नव्हतं. डॉक्टरांकडेही नव्हतं. माईंचं दुकान नेमकं अशाच जागी थाटलेलं असतं.

धाकटीचा नंबर लागला. माईंनी टोपलीतून अंडं उचललं आणि त्या डोळे मिटून पुटपुटायला लागल्या. आडवं होता होता धाकटी थबकली. गाठ माझ्या पोटात आहे ना? मग हे अंडं अजून कोरंच असणार. तिनं ते माईंच्या हातातून ओढलं आणि वाडग्यात फोडलं.

बलकात केसांची गाठ!

"माई, हे तर अजून कुणाच्या पोटाला लागलंच नाही. ही गाठ कुणाची? कोंबडीची?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"करंटे! तुझ्या संशयानं नासलं ते!"

"बरं, दुसरं फोडते." त्यातही गाठ. तिसऱ्यातही.

आता सासूबाई पुढे सरसावल्या. चौथं अंडं खिडकीपाशी धरून त्यांनी नखानं खरवडलं. मेणाचा ठिपका निघाला, खाली भोक. "अगं बाई! केस आत कोंबून वरून मेण फासलंय मेलीनं!"

माई पाठीमागच्या दारानं कधी सटकल्या, कळलंही नाही. चमत्काराला चपला घालायची शुद्ध राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या.

"घाई नको, गर्भ गोठलेलाच राहू दे. आधी दुर्बिणीनं गर्भाशय आतून बघू, दोघा नवराबायकोच्या तपासण्या करू. मग ठरवू. नाहीच जमलं तर दुसऱ्या बाईचं बीज घेता येतं, दत्तक घेता येतं. थांबताही येतं, त्यात कमीपणा नाही."

"आणि गर्भ टिकावा म्हणून ते महागडं सलाईन देतात, ते?" धाकटीनं विचारलं.

"त्यानं फायदा होतो याचा पक्का पुरावा नाही."

"पण या सगळ्यानं मूल होईलच ना?" सासूबाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही."

धाकटीनं तपासण्यांची तारीख मागून घेतली. निदान इथे तिला कुणी फसवत नव्हतं.

बायांनो, खात्रीचं मूल विकणारा भेटला, मग तो गादीवर बसलेला असो की पांढऱ्या कोटातला, पोट पुढे करू नका. त्याचं अंडं आधी फोडून बघा.